फास्ट ब्रेक: आधी पास, मग पळापळ

ठाण्यातल्या शाळांचं मैदान घ्या नाहीतर नवी मुंबईतलं एखादं सोसायटीचं कोर्ट, संध्याकाळी बास्केटबॉल खेळताना हे दृश्य हमखास दिसतं. रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर परत उडालेला बॉल) मिळाला की ज्याच्या हातात बॉल, तोच मान खाली घालून ड्रिबल करत (बॉल जमिनीवर आपटत) सुटतो आणि उरलेले चौघे त्याच्या मागोमाग. समोरचा संघ तोवर आरामात परत येतो. पूर्ण कोर्ट २८ मीटर लांब असतं. त्यावर कितीही चपळ खेळाडू ड्रिबल करत निघाला, तरी चांगला पास त्याच्या पुढेच जातो. म्हणून फास्ट ब्रेक, म्हणजे समोरचा संघ परतण्याआधीची झटपट चढाई, बसवायचा तर सुरुवात पहिल्या पासपासून करा.

रिबाउंड आणि पहिला पास

बॉल दोन्ही हातांनी पकडून हनुवटीखाली घ्या, कोपरं बाहेर. खाली आणलात की छोटा गार्ड हात मारून काढून घेतो. पाय टेकण्याआधीच जवळच्या साइडलाइनकडे मान वळवा, एका पायावर त्याच बाजूला पिव्हट करा (तो पाय रोवून वळा) आणि पास सोडा. रिंगखालच्या गर्दीत ड्रिबल नको, आणि रिंगसमोरून आडवा पास तर मुळीच नको. तो अडवला गेला तर समोरच्याला फुकटचा ले-अप (रिंगजवळ जाऊन मारलेला सोपा शॉट).

पास घेणारा पॉइंट गार्ड (चढाई चालवणारा खेळाडू) रिंगसमोरच्या फ्री थ्रो रेषेच्या समांतर, साइडलाइनजवळ हवा, पाठ साइडलाइनकडे. असं उभं राहिलं की रिबाउंड घेणारा आणि पुढचं कोर्ट दोन्ही एका नजरेत येतात. त्याने ओरडून बॉल मागायचा. रिबाउंड घेणाऱ्याला त्याला शोधत बसावं लागलं, तर ब्रेक तिथेच मेला.

समोरच्याने बास्केट केली तरी थांबू नका. जाळीतून पडलेला बॉल उचला, दोन्ही पाय बेसलाइनबाहेर घ्या आणि लगेच आत टाका.

रुंदी

दोन विंग (कडेने पळणारे खेळाडू) साइडलाइनपासून साधारण एक मीटर आत, सरळ रेषेत पळतात आणि समोरच्या फ्री थ्रो रेषेच्या पातळीला आल्यावरच रिंगकडे तिरके वळतात. नवखे खेळाडू अर्ध्या कोर्टापासूनच आत ओढले जातात. मग एकच डिफेंडर तिघांना पुरतो. गार्ड बॉल मधोमध आणतो. चौथा खेळाडू ट्रेलर, दोन-तीन पावलं मागून सरळ रिंगकडे. रिबाउंड घेणारा शेवटी निघतो आणि अर्ध्या रेषेच्या आसपास राखणीला थांबतो.

दोन विरुद्ध एक

खरी परीक्षा इथे. दोघांमध्ये निदान पेंटच्या (रिंगसमोरच्या आखलेल्या चौकोनाच्या) रुंदीइतकं, म्हणजे ४.९ मीटर, अंतर ठेवा. बॉलवाल्याने शॉट मारायच्याच इराद्याने रिंगवर जायचं. डिफेंडरच्या पायांकडे बघा: त्याने तुमच्याकडे पूर्ण पाऊल टाकलं की पास, नाही टाकलं तर ले-अप. पास लवकर दिला, तर तो सहज वळून दुसऱ्याला गाठतो. हवेत उडी मारून मग पास शोधणं ही सगळ्यात महागडी चूक. जोडीदार तिथे नसेल तर बॉल गेलाच. बाउन्स पासचा टप्पा जोडीदाराकडच्या दोन तृतीयांश अंतरावर पडू द्या.

तीन विरुद्ध दोन

डिफेंडर बहुधा एकामागे एक उभे राहतात. गार्डने फ्री थ्रो रेषेशी थांबून पुढच्याला अडकवायचं आणि विंगला पास द्यायचा. मागचा डिफेंडर त्या विंगकडे धावतो, म्हणजे पलीकडची विंग मोकळी. पास दिल्यावर गार्डने रिंगखाली घुसू नये. फ्री थ्रो रेषेच्या बॉलकडच्या टोकाशी सरकावं, परतीचा पास तिथे मिळतो.

तीन-चार डिफेंडर आधीच परतले असतील तर बॉल बाहेर काढा. शॉट क्लॉकच्या (शॉट मारायला मिळणाऱ्या) २४ सेकंदांतले सहा-सातच गेलेले असतात, सेट (ठरवलेली चाल) खेळायला वेळ आहे. हट्टाने मारलेला शॉट म्हणजे उलट्या दिशेचा फास्ट ब्रेक.

आता आपल्याकडची दोन पथ्यं. पावसाळ्यात ओल्या सिमेंटवर बाउन्स पास उसळत नाही, खाली घसरतो. छातीच्या उंचीवरून सरळ जाणारा चेस्ट पास द्या, आणि शेवाळ धरलेल्या कोपऱ्यात सराव नकोच. दुसरं, सोसायट्यांच्या कोर्टवर बेसलाइनमागे लगेच भिंत किंवा जाळी असते. २ मीटर मोकळी जागा असायला हवी, ती क्वचितच मिळते. मग सरळ धडकण्यापेक्षा बाजूने तिरका ले-अप घ्या, म्हणजे वेग कोपऱ्याकडे जिरतो.

सरावाला पाच जण पुरेत. तिघे दोघांवर हल्ला करतात. ज्याने शॉट मारला किंवा बॉल घालवला तो एकटा मागे पळून डिफेंडर होतो, आणि आधीचे दोन डिफेंडर त्याच्यावर चढाई करतात. सुरुवातीला दोन्ही दिशांना मिळून चारच ड्रिबलची मुभा द्या. मुलं कुरकुरतात, पण आठवड्याभरात माना वर येतात.