जुन्या पेट्रोल एसयूव्हीचे प्लग आणि वायर घरीच बदलताना

आधी एक खात्री करून घ्या. नागपुरात दिसणाऱ्या जुन्या बोलेरो, सुमो, स्कॉर्पिओ बहुतेक डिझेल आहेत, आणि डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतोच. तिथे असतो तो हीटर प्लग, आणि त्याचं काम वेगळं. हा लेख पेट्रोल गाड्यांसाठी आहे. त्यातली आपल्याकडची ओळखीची गाडी म्हणजे जिप्सी. १९८५ साली आलेली ही गाडी पेंच-ताडोबाच्या सफारीत वर्षानुवर्षं धावली, आणि एमएच-३१ पाटीच्या जिप्स्या अजूनही घरोघरी सांभाळलेल्या दिसतात.

गाडी मिसिंग मारते, चढावर पिकअप पडतो, पीयूसीत हायड्रोकार्बनचा आकडा वाढतो, की लोक लगेच प्लग बदलून मोकळे होतात. जुन्या गाडीत मात्र दोष बऱ्याचदा प्लगपर्यंत वीज नेणाऱ्या वायरीत असतो. या वायरीत तांब्याऐवजी कार्बनचा गाभा असतो. बोनेटखालच्या उष्णतेनं आणि ओढाताणीनं तो आतल्या आत तुटतो, बाहेरून वायर मात्र धडधाकट दिसते. रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू ठेवा आणि हात लांब ठेवून नुसतं बघा. वायरीवरून इंजिनाच्या लोखंडाकडे निळसर ठिणग्या उडत असतील तर वायरी गेल्या. पहिल्या पावसात गाडी अडखळते आणि दुपारी ऊन पडलं की सुरळीत होते, तेव्हाही पहिला संशय वायरीवर आणि डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीपाळीनं वीज वाटणारा भाग) याच्या कॅपवरच घ्या. वायर काढून मल्टिमीटरनं मोजली तर एक मीटर लांबीला साधारण १० ते २० हजार ओहम येतात. आकडा याच्या कितीतरी वर गेला किंवा मीटर काहीच दाखवत नसेल तर पूर्ण सेट बदला. एकच वायर बदलून पैसे वाचत नाहीत, बाकीच्याही तेवढ्याच जुन्या असतात.

प्लग घेताना नंबर गाडीच्या पुस्तकातून घ्या. जुना प्लग दाखवून घेऊ नका, आधीच्या मालकानं चुकीचा बसवला असू शकतो. एनजीकेच्या बीपीआर६ईएस या नंबरात ६ म्हणजे उष्णता-श्रेणी. एनजीकेत आकडा वाढला की प्लग ‘थंड’ होतो, म्हणजे उष्णता लवकर बाहेर सोडतो, बॉशमध्ये बरोबर उलटं. त्यामुळे कंपनी बदलताना आकड्याला आकडा जुळवू नका, तक्ता बघा. मे महिन्यातल्या ४५ अंशांना घाबरून ‘थंड’ प्लग घ्यायचीही गरज नाही, तो शहरातल्या संथ चालीत काजळी धरतो. नंबराच्या शेवटी -११ असेल तर गॅप, म्हणजे ठिणगी पडते ती फट, १.१ मिलिमीटर. बीपीआर६ईएस प्लग २१ मिलिमीटरच्या पान्यानं खुलतो, बीकेआर६ई १६ मिलिमीटरच्या. पाना घेण्याआधी हे बघून घ्या.

बाकी सामान: आत रबर किंवा चुंबक असलेला प्लग पाना, रॅचेट, लांब एक्स्टेंशन, गॅप मोजायच्या पट्ट्या (फीलर गेज), थोडं डायलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस, आणि पेट्रोल पाईपचा वीतभर तुकडा. हा तुकडा का, ते पुढे येतं.

काम सकाळी करा, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर. अॅल्युमिनियमच्या हेडमधून (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात प्लग बसतात) गरम असताना प्लग काढला तर आटे सोबत येतात. उन्हाळ्यात दुपारी चालवलेली गाडी संध्याकाळीही आतून पुरेशी थंड झालेली नसते. बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा.

नियम एकच पाळायचा: एका वेळी एक वायर, एक प्लग. चारही वायरी एकदम काढल्या आणि क्रम विसरलात तर गाडी एकतर चालू होत नाही, नाहीतर कार्ब्युरेटरमधून फटाके मारते. बहुतेक चार सिलिंडरी इंजिनांत ठिणगी पडायचा क्रम १-३-४-२ असतो, पण तो पाठ असण्यापेक्षा मोबाईलवर काढलेला फोटो जास्त कामाचा. वायर धरून ओढू नका. रबरी टोपी पकडून आधी थोडी पिळा, चिकटलेली सुटली की सरळ वर खेचा.

टोपी निघाली की लगेच पाना लावू नका. प्लगच्या खळग्यात आपल्या रस्त्यांची धूळ आणि खडे साचलेले असतात. प्लग निघाल्यावर तेच सिलिंडरमध्ये पडतात. आधी हवा मारून खळगा साफ करा. तिथे तेल दिसलं तर वरच्या कव्हरचं पॅकिंग किंवा सील गेलंय. ते बदलल्याशिवाय नवी वायर टिकणार नाही.

प्लग अडला तर जोर लावू नका. आटे सुटणारं तेल टाकून थांबा, पाव फेरा सोडा, परत थोडा आवळा, परत सोडा. निघालेले प्लग सिलिंडरच्या क्रमानं मांडून ठेवा, कारण इंजिनाची तब्येत तिथे लिहिलेली असते. तपकिरी-राखाडी म्हणजे ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर तुंबलेला. तेलकट ओला म्हणजे व्हॉल्व्ह सील किंवा रिंगा. पांढरा, फोड आल्यासारखा म्हणजे मिश्रण पातळ (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) किंवा प्लगच चुकीचा.

नव्या प्लगचा गॅप खोक्यातून काढल्यावरही मोजा. कमी-जास्त करायचा तर फक्त बाहेरची वाकडी पट्टी हलवा, मधल्या टोकावर दाब देऊ नका. इरिडियमचं टोक तर लगेच तुटतं. हातातून फरशीवर पडलेला प्लग बसवू नका, चिनी मातीला केसाएवढी चीर गेलेली डोळ्याला दिसत नाही.

आता तो पाईपचा तुकडा. प्लगचं वरचं टोक त्यात घट्ट बसवा, प्लग खळग्यात सोडा आणि आधी उलटा फिरवा. आट्याला आटा लागला की बारीक ‘टक्’ जाणवतं, तिथून सरळ फिरवा. तिरका लागला तर पाईप हातात घसरतो आणि आटे वाचतात. पान्यानं सुरुवात केली तर मात्र तिरका प्लगही आत जातो, मग हेडमध्ये हेलिकॉइल (खराब आट्यांच्या जागी बसवायचे नवे आटे) बसवायचा खर्च येतो. हातानं टेकेपर्यंत फिरवा, मग वॉशरवाला नवा प्लग अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा आवळा. टॉर्क रेंच असेल तर १४ मिलिमीटरच्या अशा प्लगला अॅल्युमिनियम हेडमध्ये २५ ते ३० न्यूटन मीटर. वॉशर नसलेल्या, निमुळत्या बुडाच्या प्लगला एक-षोडशांश फेराच पुरतो. आट्यांना ग्रीस लावू नका, हात हलका होऊन प्लग जास्त आवळला जातो.

ग्रीस लावायचं ते टोपीच्या आत, बोटाच्या टोकावर मावेल एवढं. नवी वायर जुन्याच लांबीची घ्या, दोन्ही टोकांना ‘टक्’ होईपर्यंत दाबा, एक्झॉस्टला टेकणार नाही अशी क्लिपांत अडकवा. डिस्ट्रिब्युटर असेल तर कॅप आणि तिच्या आत फिरणारा रोटर त्याच वेळी बघा, आतली वीज जोडणारी पितळी टोकं हिरवी-काळी पडली असतील तर बदला.

साधे निकेल प्लग २०-३० हजार किलोमीटर चालतात, एलपीजी-सीएनजीवर त्याहून कमी. सगळं बदलूनही मिसिंग राहिलं तर चालू इंजिनावर वायर उपटून तपासू नका. झटका बसतो, ठिणगीची वीज तयार करणारी कॉइल जाऊ शकते, आणि एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरवाल्या) गाडीत न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं. गाडी बंद करून मिसिंग मारणाऱ्या सिलिंडरचा प्लग शेजारच्याशी बदला. दोष प्लगसोबत सरकला तर प्लग खराब. तिथेच राहिला तर कॉम्प्रेशन तपासायला गाडी गॅरेजला न्या.