पणजोबांचा माग: गोव्यातील घरची पत्रे आणि सरकारी दप्तरे यांवरून पूर्वजाचे चरित्र कसे जुळवावे

जुन्या घराच्या माळ्यावर किंवा पेटाऱ्यात पत्रांचे पुडके सापडले की पहिला मोह ते सोडून वाचण्याचा होतो. तो आवरावा. पत्रे ज्या क्रमाने आणि ज्या दोऱ्यात बांधलेली असतील, तो क्रम ती जपून ठेवणाऱ्या माणसाने लावलेला असतो, आणि एका गाठीत आलेली पत्रे बहुधा एकाच व्यवहाराची किंवा एकाच नात्याची असतात. म्हणून गाठ सोडण्याआधी पुडक्याचे छायाचित्र घ्यावे, प्रत्येक पत्राला पेन्सिलीने बारीक क्रमांक द्यावा आणि मगच घड्या उलगडाव्यात. गोव्याच्या पावसाळी दमटपणात कागद सादळतो व कसर लागते, त्यामुळे हे काम कोरड्या दिवसांत करावे. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये, कारण त्याने झालेली हानी पुन्हा भरून निघत नाही.

यानंतर मजकुराकडे न वळता आधी सगळ्या पत्रांचे मायने वाचावेत. माझ्या मते पूर्वजाच्या शोधात मायन्याइतकी विश्वासू साक्ष दुसरी नाही, कारण तो लिहिताना कोणी काही लपवत नाही. ‘तीर्थरूप’ म्हटले की समोरची व्यक्ती वडील किंवा वडीलधाऱ्यांपैकी, ‘चिरंजीव’ म्हटले की वयाने व नात्याने धाकटी, हे उघड आहे. त्याहून मोलाची खूण स्त्रियांच्या उल्लेखात असते. समजा, एकाच आजीला एका वर्षीच्या पत्रात ‘सौ.’ आणि दोन वर्षांनंतरच्या पत्रात ‘गं. भा.’ लिहिले आहे. तर त्या दोन पत्रांच्या मधल्या काळात आजोबा वारले, हे मृत्यूचा एकही उल्लेख न सापडता ठरते. निधनाची बातमी आणणारे पत्र वाचून फाडून टाकण्याची रीत अनेक घरांत होती, म्हणून ते सापडत नाही याचे आश्चर्य मानू नये. त्याची जागा अशा बदललेल्या मायन्यांनीच भरून काढावी लागते.

तारखेचा प्रश्न पुढे येतो. पत्रावर इसवी सनाऐवजी शालिवाहन शक असेल, तर चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथींसाठी शकात ७८ आणि त्यानंतर फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९ मिळवावेत. ‘शके १८०५, माघ शुद्ध ५’ हे पत्र म्हणून १८८३ चे नसून १८८४ च्या आरंभीचे ठरते. शक फाटून गेला असेल आणि ‘सुभानु नाम संवत्सरे’ एवढेच उरले असेल, तर ते नाव ६० वर्षांनी पुन्हा येते हे ध्यानात घेऊन १८२३, १८८३ व १९४३ यांपैकी कोणते वर्ष, ते कागद, शाई व मजकूर यांवरून ठरवावे. पोर्तुगीज हिंदुस्थानची टपाल तिकिटे १८७१ पासून निघाली, म्हणून असे तिकीट लावलेले पत्र त्याआधीचे नसते. पैशांचा हिशेब रुपये व टांगा (रुपयाचा सोळावा भाग) यांत असेल तर पत्र बहुधा १९५८ पर्यंतचे, आणि एस्कुदो या पोर्तुगीज चलनात असेल तर त्यानंतरचे. पणजी शहराचा उल्लेख ‘नोव्हा गोवा’ असा असेल तर १८४३ ही खालची मर्यादा धरावी.

जुनी पत्रे व गावचे कागद मोडीत असतात आणि त्यांहूनही जुन्या काही नोंदी गोयकानडी या गोव्यातील जुन्या लिपीत. मोडी शिकणे कष्टाचे असले तरी अशक्य नाही. वेळ नसेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्यावे, मात्र मूळ ओळ व लिप्यंतर शेजारी ठेवून निदान नावे आणि आकडे स्वतः ताडून पाहावेत.

येथवर घरचे काम झाले. आता सरकारी दप्तरात जाताना पहिला अडसर नावाचा येतो. पोर्तुगीज लेखनिकाने नाव कानाने ऐकून रोमी अक्षरांत उतरवले, त्यामुळे शेणई तेथे ‘सिनाय’, प्रभू ‘पोरोब’, पै ‘पोय’, कामत ‘कामोतिम’ आणि भट ‘बोटो’ असे भेटतात. ‘श’साठी बहुधा एक्स हे अक्षर येते. सूची चाळण्यापूर्वी आपल्या पूर्वजाच्या, त्याच्या वडिलांच्या व गावाच्या नावाची अशी सर्व संभाव्य रूपे कागदावर मांडून घ्यावीत, नाहीतर नोंद समोर असूनही डोळ्यांखालून निसटते.

जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदींसाठी तालुक्याच्या नागरी नोंदणी कार्यालयापासून सुरुवात करावी. पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आल्यानंतर काही वर्षांतच गोव्यातही नागरी नोंदणी रूढ झाली. त्याआधीच्या काळासाठी ख्रिस्ती कुटुंबांना चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या वह्या उपयोगी पडतात. जुनी नोटरीची दप्तरे, गावांचे कागद आणि मोडी लिखाण यांसाठी पणजीचे पुराभिलेख दप्तर आहे. त्याची परंपरा १५९५ साली दियोगु दु कोउतु या इतिहासकाराच्या नेमणुकीपर्यंत मागे जाते. पाटो येथील कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जुनी वृत्तपत्रे पाहता येतात. १८३७ पासून निघणारे सरकारी बोलेतिम, म्हणजे राजपत्र, पाहायला विसरू नये, कारण पूर्वजाची नेमणूक, बदली किंवा मिळकतीविषयीची जाहीर सूचना तेथे सापडू शकते.

तरीही एकच फाईल शोधायची असेल तर ती इन्व्हेंटरीची शोधावी. पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली, आणि त्या पद्धतीत माणूस वारल्यावर त्याच्या मिळकतीची वाटणी बहुधा न्यायालयापुढे होत असे. या फाईलमध्ये मृत्यूची तारीख, वारसांची नावे, विवाहित मुली आणि त्यांचे पती, अज्ञान मुलांची वये, घर, भाट (माडांची बाग), शेते, दागिने आणि येणे-देणे हे सारे एकत्र मिळते. मराठी घरांच्या वंशावळींत मुली बहुधा गाळलेल्या असतात. येथे त्या वारस म्हणून नावानिशी उभ्या राहतात. ज्या पणजीचे माहेरचे नावही घरात कोणाला आठवत नाही, ती या कागदांत किंवा तिच्या भावाच्या इन्व्हेंटरीत सापडण्याची शक्यता असते. फाईलमधील शेतांची नावे पत्रांतल्या नावांशी आणि आजच्या एक-चौदाच्या (जमिनीच्या हक्कनोंदीच्या) उताऱ्याशी जुळवावीत.

घराणे मूळचे कोठले, हे कळायला कुलदैवत मदत करते. सोळाव्या शतकात अनेक देवस्थाने पोर्तुगीज अमलाबाहेरच्या अंत्रुज महालात (आजच्या फोंडा भागात) हलली: शांतादुर्गा केळशीहून कवळ्यास, महालसा वेर्ण्याहून म्हार्दोळास, मंगेश कुठ्ठाळीहून मंगेशीस. म्हणून आज फोंड्यात राहणाऱ्या कुटुंबाचे मूळ गाव गोव्याच्या साष्टीत असू शकते. देवस्थानच्या महाजनांच्या यादीत वडिलांच्या नावासह नोंद आणि बहुधा वांगडही (घराण्यांचा गट) असतो. पूर्वज गावकार असल्यास कोमुनिदादीच्या (गावकऱ्यांच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या) जण, म्हणजे उत्पन्नाचा वाटा, घेणाऱ्यांच्या याद्या पाहाव्यात. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांकडील वह्यांत यात्रेला गेलेल्या पूर्वजांच्या हातच्या नोंदी मिळतात, आणि त्यांत सोबतच्या नातलगांची नावेही असतात.

कूळ, मुंडकार (जमीनदाराच्या जागेत घर बांधून राहणारे) किंवा कारागीर घराण्यांना हे दप्तर कमी साथ देते, कारण ज्यांच्या नावे जमीन नव्हती त्यांच्या नावे फार कागद झाले नाहीत. त्यांचा शोध जमीनदाराच्या हिशेबवहीतून, पावत्यांतून आणि मुंबईस गेलेल्यांनी धाडलेल्या मनीऑर्डरींच्या पोचांतून घ्यावा, आणि गावातील वृद्धांशी बोलणे तेथे पहिल्या दिवसापासून सुरू करावे.

पत्र आणि दप्तर यांत तफावत आली, तर कोणतेही एक घाईने खोटे ठरवू नये. वय, जन्मतारीख आणि वारसांची संख्या यांबाबत दोन्ही उल्लेख आपापल्या मूळ कागदाच्या क्रमांकासह वहीत नोंदवावेत आणि तिसरा पुरावा मिळेपर्यंत निर्णय लांबवावा. दत्तक, कर्ज किंवा घरातील भांडण अशा गोष्टी हयात नातलगांना लागू असतील, तर त्या कोणास दाखवण्याआधी त्यांची संमती घ्यावी.