वॉकर बूट कसा निवडावा: घोटा किंवा पाऊल दुखावल्यावर

आईचा पाय जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मुरगळला आणि पावलातलं करंगळीच्या बाजूचं हाड मोडलं. चिठ्ठीवर फक्त 'वॉकर बूट' लिहिलेलं होतं, म्हणजे दुखावलेला पाय हलू नये म्हणून घालायचा, पट्ट्यांनी आवळायचा कडक बूट. सर्जिकलच्या दुकानात आम्हाला सगळ्यात उंच बूट काढून दिला आणि आम्ही तो मुकाट्यानं घेतला. दोन दिवसांत तिच्या नडगीवर लालभडक वळ उठला. फेरतपासणीला गेलो तेव्हा कळलं, तिला आखूड बूट पुरला असता. तेव्हापासून कुणी विचारलं की मी आधी सांगते, दुकानात जाण्यापूर्वी डॉक्टरांशी नीट बोला.

आधी दुखापत काय आहे ते कळू द्या. साध्या मुरगळीला बहुतेकदा क्रेप बँडेज किंवा घोट्याचा पट्टा पुरतो, बूट लागत नाही. एक्स-रे कधी काढायचा यासाठी कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली काही नियम मांडले, ते आजही वापरात आहेत. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांपैकी एकाचीही मागची कड खालच्या ६ सेंटिमीटरमध्ये दाबल्यावर दुखत असेल, पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावरचं हाड किंवा आतल्या बाजूला कमानीवरचं हाड दाबल्यावर दुखत असेल, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढून घ्याच. मधुमेह असून तळपायाला बधिरपणा असेल, तर स्वतःच्या मनानं बूट अजिबात घेऊ नका. आत जखम झालेली कळतच नाही.

डॉक्टरांना हे विचारा: पायावर वजन टाकायचं का, आणि किती? झोपताना, अंघोळीला बूट काढायचा का? किती आठवडे घालायचा? उत्तरं चिठ्ठीवरच लिहून घ्या, घरी येईपर्यंत निम्मी विसरतात.

मग उंची ठरवा. बोटांची किंवा चवड्याची दुखापत असेल तर बऱ्याचदा आखूड बूट चालतो. घोट्याचं हाड मोडलं असेल किंवा लिगामेंट (हाडं एकमेकांना जोडणारा बंध) जास्त फाटलं असेल, तर पोटरीपर्यंत येणारा उंच बूट लागतो. टाचेमागची जाड शीर, म्हणजे ॲकिलीस, तुटली असेल तर टाचेखाली पाचरी घालता येतील किंवा घोट्याचा कोन बदलता येईल असाच बूट हवा. त्या पाचरी डॉक्टर सांगतील तशा एकेक करून काढायच्या असतात.

हवेचा बूट महाग असतो. त्यातल्या पिशव्या पंपानं फुगवल्या की पाय सगळीकडून सारखा धरला जातो. सूज रोज कमी-जास्त होत असेल तर त्याचा खरा उपयोग आहे. सूज उतरलेली असेल तर फोमचं अस्तर असलेला साधा बूटही बरेचदा भागवतो.

माप संध्याकाळी घ्या, तेव्हा सूज जास्त असते. नेहमीच्या चपलेचा नंबर सांगून भागत नाही, कारण कंपन्यांचे तक्ते वेगवेगळे असतात. लांब सुती मोजा घालून बसा, टाच मागे पूर्ण टेकवा आणि पट्टे बोटांकडून वर लावत या. बोटं पुढे लोंबायला नकोत. चालून बघा (वजन टाकायची परवानगी असेल तरच). टाच आत उचलली जात असेल तर बूट सैल आहे. बोटं गार, निळसर किंवा बधिर झाली तर पट्टे लगेच सैल करा.

आता दुसरा पाय, ज्याचा विचार कुणीच करत नाही. बुटाचा तळ जाड असतो आणि आपण घरात अनवाणी वावरतो. त्यामुळे एक पाय उंच, एक ठेंगणा होतो. आठवड्याभरात आईची कंबर धरली, ती यामुळेच. जाड तळाची, मागे पट्टा असलेली सँडल चांगल्या पायात घातल्यावर तिची चाल सरळ झाली. बूट घ्यायला जाताना ती सँडल बरोबर न्या आणि दोन्ही घालून उभं राहून बघा. काठी वापरायची असेल तर ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरा.

घरात भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोड खुर्चीची सोय आधीच करा, कारण बूट घालून उकिडवं बसता येत नाही. पायात बूट असताना गाडी चालवू नका, दुचाकीही नाही.

पोटरी अचानक दुखून सुजली, किंवा धाप लागली, छातीत दुखलं, तर वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. रक्ताची गुठळी झालेली असू शकते.

आतलं अस्तर हातानं धुऊन सावलीत वाळवायचं. पावसाळ्यात ते दोन-दोन दिवस वाळत नाही आणि ओलं घातलं की कातडी सोलवटते. म्हणून बूट घेतानाच जादा अस्तर मिळतं का ते विचारा.