आवडता चित्रपट पुन्हा पुन्हा कसा पाहावा

आवडलेला चित्रपट पुन्हा लावला की बहुतेक जण पहिल्या वेळी पाहिले तेच पाहतात. ठरलेल्या जागी हसतात, ठरलेल्या जागी डोळे पुसतात आणि मधल्या प्रसंगांत मोबाइल हातात घेतात. यातही आनंद आहेच, आणि दमून घरी आल्यावर तेवढाच पुरेसा असतो. परंतु कथा ठाऊक झाली की ‘पुढे काय होणार’ या प्रश्नात अडकलेले लक्ष मोकळे होते, आणि नटांनी, संकलकाने, ध्वनिमुद्रकाने केलेले पुष्कळसे काम खरे तर तेव्हाच दिसू लागते. ते दिसावे यासाठी प्रत्येक वेळी पाहताना डोळ्यांना किंवा कानांना एकच काम नेमून द्यावे, ही या लेखातील मुख्य सूचना आहे. उदाहरणे मराठी चित्रपटांची घेतली असून त्यांच्या कथा येथे उघड झाल्या आहेत. त्यामुळे ज्यांनी यांपैकी एखादा चित्रपट पाहिलेला नसेल, त्यांनी आधी तो पाहून घ्यावा.

निवड कशी करावी

प्रत्येक आवडता चित्रपट पुन्हा पाहण्याजोगा असतोच असे नाही. ज्याची सारी ताकद शेवटच्या उलगड्यात आहे, तो दुसऱ्या वेळी बहुधा फिका वाटतो. उलगडा माहीत असल्यामुळे जो अधिक गडद होतो, तो निवडावा. जब्बार पटेल यांचा ‘सामना’ हे याचे उत्तम उदाहरण आहे. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला होता. पहिल्यांदा पाहताना आपण श्रीराम लागूंच्या मास्तरांबरोबर असतो आणि बेपत्ता झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले, हा त्यांचा प्रश्न आपलाही प्रश्न होतो. दुसऱ्यांदा पाहताना उत्तर आपल्याला ठाऊक असते, त्यामुळे नजर आपोआप निळू फुले यांच्या हिंदुराव धोंडे पाटलाकडे वळते. या माणसाला सारे माहीत आहे आणि तरीही तो पाहुण्याचा पाहुणचार करतो आहे, हे मनात ठेवून त्याचे हसणे, त्याचा आवाज, त्याने विषय बदलणे पाहिले, तर चित्रपट वेगळाच भासू लागतो. रहस्यपटाच्या जागी, आपला अपराध पोटात घेऊन रुबाबात वावरणाऱ्या माणसाचे चरित्र समोर येते.

घरच्या घरी करता येण्याजोगी एक साधी कसोटी अशी: चित्रपट पाहून काही महिने लोटले की डोळे मिटून तो आठवून पाहावा. फक्त गोष्ट आठवत असेल, तर घाई करू नये. एखाद्याची चाल, एखादी खोली किंवा आवाजाची लकब आठवत असेल, तर तो चित्रपट यादीत घालावा. यादी लहान असलेली बरी.

किती काळाने पाहावा

लागोपाठ दोनदा पाहणे अभ्यासकाला उपयोगी पडते, पण सामान्य रसिकाने मध्ये अंतर ठेवावे. अंतराचा खरा हिशेब महिन्यांत मोजण्यापेक्षा आयुष्यातील बदलांत मोजावा, असे मला वाटते. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ २००४ साली आला, त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो भारताकडून ऑस्करसाठी पाठवला गेला. डोळ्याच्या कर्करोगामुळे ज्याची दृष्टी शस्त्रक्रियेत जाणार आहे, त्या नातवाला आजोबा रुग्णालयातून बाहेर घेऊन जातात, अखेरचे जग डोळे भरून दाखवतात. कॉलेजात असताना हा प्रसंग पाहणारा मुलाकडे पाहतो. स्वतःच्या मुलाला घेऊन कधी रुग्णालयाच्या बाकावर बसावे लागले असेल, तर तोच प्रेक्षक अरुण नलावडे यांच्या चेहऱ्याकडे आणि सही करण्याआधी थबकणाऱ्या मोठ्या माणसांकडे पाहू लागतो. म्हणून घरात मूल आले, गाव सुटले, आईवडील थकले, अशा वेळी जुन्या यादीतील एखादा चित्रपट मुद्दाम काढून पाहावा.

प्रत आणि पडदा

चांगली प्रत मिळवणे आणि पडदा नीट लावणे हे काम कंटाळवाणे असले तरी टाळू नये. दूरचित्रवाणीवर जाहिरातींच्या मध्ये दाखवलेली प्रत अनेकदा कापलेली असते, त्यामुळे शक्यतो पूर्ण लांबीची, अधिकृत प्रत मिळवावी. ‘प्रभात’ या जुन्या चित्रसंस्थेच्या काळातील चित्रपटांची चौकट जवळजवळ चौकोनी असते, टीव्हीचा ताणून दाखवण्याचा पर्याय सुरू असेल तर माणसे बुटकी आणि रुंद दिसतात. ती सेटिंग बंद करून दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या खुशाल राहू द्याव्यात. जुन्या चित्रपटांतील संवाद टीव्हीच्या लहान स्पीकरवर पुसट येतात, अशा वेळी हेडफोन लावावेत.

एका वेळी एकच काम

पहिले काम ऐकणाऱ्याकडे पाहण्याचे. आपली नजर सवयीने बोलणाऱ्याकडे जाते. ती हट्टाने समोरच्यावर ठेवावी. याचा सराव करायला १९८८ सालच्या ‘अशी ही बनवाबनवी’इतका सोयीचा चित्रपट नाही, कारण त्याचे संवाद महाराष्ट्रातील घराघरांत पाठ आहेत आणि ते ऐकण्यासाठी वेगळे लक्ष द्यावे लागत नाही. हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ या १९६६ सालच्या हिंदी चित्रपटावरून सचिन पिळगांवकर यांनी तो केला. सत्तर रुपयांचा प्रसंग लावावा आणि धनंजय माने झालेल्या अशोक सराफ यांच्याकडे न पाहता घरमालक झालेल्या सुधीर जोशी यांच्याकडे पाहावे. विनोद जेवढा धनंजय मानेच्या थापेत आहे, तेवढाच ती थाप घशाखाली उतरवणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यात आहे. त्या चेहऱ्यावर आधी विश्वास, मग शंका आणि मग नाइलाज जागच्या जागी उमटला नसता, तर वाक्य कितीही चुरचुरीत असले तरी कोरडे गेले असते. त्यानंतर, राहायला जागा मिळावी म्हणून बायकांची सोंगे घेतलेली लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती आणि सचिन यांची सुधा एकाच चौकटीत असतील, ते प्रसंग पाहावेत. बोलण्याची पाळी नसलेला नट त्या क्षणी पदर, हात आणि मान यांचे काय करतो, एवढेच टिपावे. विनोदी अभिनयातील शिस्त येथे जितकी स्पष्ट दिसते, तितकी ती कोणत्याही भाषणातून कळणार नाही.

दुसरे काम कानांचे. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) जब्या या शाळकरी मुलाचे कुटुंब शाळेजवळ डुकराच्या मागे धावत असते. आरडाओरडा, धावपळ आणि गावकऱ्यांची टिंगल यांचा गोंगाट चालू असतानाच शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात, माणसे जागच्या जागी उभी राहतात आणि हाताशी आलेले डुक्कर निसटते. हा प्रसंग एकदा चित्राकडे लक्ष न देता, केवळ ऐकावा. कोणता आवाज कधी थांबतो, कोणता उरतो, राष्ट्रगीत संपल्यावर पहिला आवाज कोणाचा येतो, हे कानांनी नोंदवावे. मग पुन्हा चित्रासह पाहावे. पुढे मारलेले डुक्कर खांद्यावर घेऊन कुटुंब शाळेच्या भिंतीसमोरून जाते, आणि त्या भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई फुले अशा थोरांची चित्रे आहेत. पहिल्या वेळी हे दृश्य अंगावर येते आणि निघून जाते. पुन्हा पाहताना लक्षात येते की दिग्दर्शकाने तेथे एकही शब्द बोलू दिलेला नाही.

तिसरे काम चौकटीच्या कडा पाहण्याचे, आणि त्यासाठी चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) घ्यावा. त्यात कॅमेरा बराच वेळ एका जागी, अंतर राखून उभा असतो. मुख्य खटल्याकडे पाठ फिरवून कारकून, पुढच्या तारखेची वाट पाहत बसलेली माणसे आणि आत-बाहेर करणारे पोलीस पाहावेत. सरकारी वकील बाई कोर्टातून निघून लोकलने घरी जातात आणि स्वयंपाकाला लागतात, तो भाग पहिल्या वेळी कथेपासून दूर गेल्यासारखा वाटू शकतो. तो दुसऱ्यांदा पाहिल्यावर कोर्टातील त्यांचा निर्विकार सूर कोठून येतो, हे कळते.

दोन पाहण्यांच्या मध्ये

मधल्या काळात त्या चित्रपटाविषयी एखादीच खात्रीची गोष्ट जाणून घ्यावी; फार वाचले तर आपली नजर दुसऱ्याची होते. दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ (१९३६) पाहणाऱ्याने एवढे समजून घ्यावे की ‘आधी बीज एकले’ हे पद गाथेतील नाही; ते चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिले आणि केशवराव भोळे यांनी त्याला चाल दिली. हे ठाऊक झाल्यावर विष्णुपंत पागनीस ते गाताना, नव्या शब्दांना जुन्या अभंगाचे वजन कसे आले आहे, याकडे कान आपोआप लागतो. त्यानंतरची खेप मात्र गौरी यांनी केलेल्या आवलीसाठी राखून ठेवावी. आजारी मुलाला ओढत आणि हातात पायताण घेऊन ती विठ्ठलाच्या देवळात शिरते, त्या प्रसंगात तिचे चालणे पाहावे. वैकुंठाची भाषा बोलणाऱ्या नवऱ्याशेजारी पोराबाळांची पोटे सांभाळणारी ही बाई चित्रपटाचा अर्धा भार वाहते, आणि माझ्या मते हा चित्रपट आजही ताजा राहण्याचे सर्वांत मोठे कारण तीच आहे.

नोंदी ठेवायच्या असतील तर एका वहीत चित्रपटाचे नाव, पाहिल्याची तारीख आणि त्या वेळी नव्याने दिसलेली एक गोष्ट एवढेच लिहावे. तारे देऊ नयेत, गुण देऊ नयेत. पुढच्या वेळी पाहायला बसण्याआधी ती नोंद वाचावी आणि काम बदलावे.

इतरांबरोबर पाहताना

सोबत कोणी पहिल्यांदाच तो चित्रपट पाहणार असेल, तर पाठ असलेले संवाद नटाच्या आधी म्हणू नयेत आणि ‘आता बघ हं’ असेही सांगू नये. त्या माणसाचे पहिले हसू त्याचे त्याला मिळू द्यावे. अशा वेळी आपण पडद्याइतकेच त्याच्याकडे पाहावे, कारण कोणता विनोद पिढी ओलांडून पोहोचतो आणि कोणता मध्येच अडतो, हे तेथेच कळते. परदेशात वाढलेल्या मुलांना दाखवताना उपशीर्षके अवश्य लावावीत, परंतु विनोदी चित्रपटापेक्षा ‘श्वास’सारख्या, चेहऱ्यांवर पुष्कळ काही सांगणाऱ्या चित्रपटापासून सुरुवात करावी. शाब्दिक कोट्या उपशीर्षकांत फारशा उतरत नाहीत.

नेमलेले काम करूनही एखाद्या खेपेला वहीत लिहिण्यासारखे काहीच दिसले नाही, तर तो चित्रपट काही वर्षे बाजूला ठेवावा आणि यादीतील दुसरा घ्यावा. तोवर अधूनमधून त्याची आठवण आलीच, तर सबंध चित्रपट न लावता एखादाच प्रसंग काढून पाहण्यास हरकत नाही.