विहिरीतलं बेंझिन: जिवाणूंनी खाल्लं की नुसतं पातळ झालं?

पेट्रोल पंपाजवळच्या बोअरला मे महिन्यात पेट्रोलचा वास येतो आणि दिवाळीपर्यंत जातो. तेवढ्यावर हुश्श करू नये. पावसाचं पाणी मुरलं की बेंझिनचं, म्हणजे पेट्रोलमधल्या एका विषारी घटकाचं, प्रमाण आपोआप उतरतं. ते खरंच मोडलं का, हे कार्बनच्या आयसोटोपवरून (हलका कार्बन-१२ आणि जरा जड कार्बन-१३) कळतं. जिवाणू कार्बन-१२ असलेले रेणू जरा लवकर फोडतात, म्हणून उरलेल्या बेंझिनमध्ये कार्बन-१३ चा वाटा वाढत जातो. नुसतं पातळ होण्याने हा वाटा हलत नाही.

आधी प्रवाहाची दिशा काढा. कराड-साताऱ्याकडे मुरुमाखाली भेगाळलेला काळा पाषाण आहे; पाणी जमिनीच्या उताराने जाईलच असं नाही. किमान तीन बोअरची पातळी मोजा. मग गळतीच्या जागी एक, प्रवाहाच्या खालच्या अंगाला दोन-तीन आणि वरच्या अंगाला एक असे नमुने घ्या. उघडी विहीर टाळा, तिथून बेंझिन हवेत उडतं.

नमुना काढायचा पंप मिनिटाला १०० ते ५०० मिलिलिटर इतका हळू चालवा. पीएच, विद्युतवाहकता आणि विरघळलेला ऑक्सिजन स्थिर झाले की ४० मिलिलिटरच्या काचेच्या व्हायल (छोट्या बाटल्या) काठोकाठ भरा, झाकण लावून उलट्या करा. बुडबुडा दिसला तर व्हायल बाद. नेहमीचा सल्ला हायड्रोक्लोरिक आम्ल घालून पीएच २ खाली आणायचा असतो. आपलं पाणी कठीण, बायकार्बोनेटवालं. आम्ल पडताच फसफसतं आणि बुडबुडे धरतात. अशा वेळी ट्रायसोडियम फॉस्फेटने पीएच १० च्या वर न्या. पांढुरका साका बसू शकतो, म्हणून पीएच पट्टीने तपासाच. एमटीबीई (पेट्रोलमध्ये मिसळतात ते एक रसायन) मोजायचं असेल तर आम्ल नकोच, तपासणीत पाणी तापवताना ते आम्लात मोडतं. व्हायल ४ अंशांवर ठेवा, गोठवू नका.

प्रयोगशाळेला गॅस क्रोमॅटोग्राफला जोडलेला आयसोटोप रेशो मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. साध्या पाणी तपासणी केंद्रात हे होत नाही. ठरलेल्या प्रमाण नमुन्यापेक्षा कार्बन-१३ चा वाटा हजारी किती कमी-जास्त, हे एकक; उणे म्हणजे कमी. मोजणीत साधारण अर्ध्या एककाची चूक धरतात. म्हणून उगम आणि खालची बोअर यांत २ एककांहून कमी फरक असेल तर विघटनाचा दावा करू नका.

आता हिशेब. समजा उगमाशी बेंझिनचं मूल्य उणे २८ आणि खालच्या बोअरला उणे २५ आलं. दोन्हींत १००० मिळवा: ९७२ आणि ९७५. ९७५ भागिले ९७२ याचा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.००३०८. त्याला एन्रिचमेंट फॅक्टर (जिवाणू हलका कार्बन किती पसंत करतात याचा प्रयोगातून आलेला आकडा) भागिले १००० ने भागा. फॅक्टर उणे २ धरला तर उत्तर उणे १.५४; त्याचा उलट लॉगॅरिदम ०.२१, म्हणजे २१ टक्के उरलं, ७९ टक्के मोडलं. उणे ३.६ धरला तर मोडलं ५७ टक्केच. बेंझिनसाठी प्रयोगांत आलेले आकडे साधारण याच पट्ट्यात आहेत आणि ऑक्सिजन, नायट्रेट, सल्फेट यांपैकी जिवाणू श्वसनासाठी काय वापरतात त्यावर बदलतात. खात्री नसेल तेव्हा उणे ३.६ सारखा शून्यापासून लांबचा फॅक्टर घ्या आणि अहवालात "किमान ५७ टक्के" लिहा. ७९ टक्के ऐकायला बरं वाटतं, पण कुणी आव्हान दिलं तर टिकत नाही.

उगमाचं मूल्य पुस्तकातून उचलू नका, त्याच जागेवरून मोजा. नवी गळती झाली की मूल्य पुन्हा उणे २८ कडे सरकतं आणि विघटन थांबल्यासारखं दिसतं. भेगांतून जुनं-नवं पाणी मिसळलं तरी आकडा खरा असतो त्याहून कमी येतो. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल असेल तर जिवाणू आधी इथेनॉलवर ताव मारतात, ऑक्सिजन संपवतात आणि बेंझिन तसंच राहतं.

बेंझिन मोडून तयार होणाऱ्या, पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचा आयसोटोप मोजून काम स्वस्तात भागवायचा मोह होतो. उसाच्या पट्ट्यात तो अंगलट येतो. उसाचा कार्बन सुमारे उणे १२ चा, पेट्रोलचा उणे २४ ते ३० चा. उसाच्या मुळांतून आणि पाचटातून आलेला वायू पाण्यात मिसळला की पेट्रोलची खूण पुसट होते. ईश्वरपूर (पूर्वीचं इस्लामपूर)-वाळव्याकडे तर चहूबाजूंनी ऊसच. तिथे बेंझिनच वेगळं काढून मोजा.