माहिती अधिकाराचा अर्ज: प्रश्न नको, कागद मागा

या अर्जाला वकील लागत नाही, एजंट लागत नाही. छापील मसुदे तर मुळीच वापरू नका, त्यांनीच निम्मे अर्ज वाया जातात.

आधी कागद कुणाकडे आहे ते बघा. नवी मुंबईत भूखंडाचं वाटप आणि भाडेपट्टा सिडकोकडे, रस्ते-गटारं महापालिकेकडे, टीटीसी म्हणजे ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातले कारखान्यांचे भूखंड एमआयडीसीकडे. तरी चुकलंच, तर माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करणं त्यांचं काम आहे. काउंटरवरून परत फिरू नका.

अर्ज जोडपत्र ‘अ’ या ठरलेल्या नमुन्यात, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. रेल्वेसारख्या केंद्रीय कार्यालयांना पोस्टल ऑर्डर लावा.

आता खरी मेख. मलाही सुरुवातीला हेच जड गेलं. “आमचा रस्ता एका पावसात का उखडला? जबाबदार कोण? कारवाई कधी करणार?” असा अर्ज गेला की उत्तर ठरलेलं: ‘सदर बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही.’ राग येतो, पण ते उत्तर कायद्याला धरून असतं. जे नोंदीत आहे तेवढंच अधिकाऱ्याने द्यायचं. तुमच्यासाठी कारणं शोधण्याचं किंवा मत देण्याचं बंधन त्याच्यावर नाही.

म्हणून ‘का’ आणि ‘कधी’ खोडा आणि कागदाचं नाव लिहा. असं: “अमुक चौक ते अमुक शाळा या रस्त्याच्या १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळातील डांबरीकरणाचा कार्यादेश, करारनामा, मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पानं, अंतिम देयक आणि नस्तीतील टिपणीच्या पानांच्या प्रती.” डांबराचा थर किती जाडीचा दाखवून पैसे उचलले, ते मोजमाप पुस्तिकेत असतं. ठेकेदाराने स्वखर्चाने किती काळ दुरुस्ती करायची, ते करारनाम्यात. आणि नस्तीत, म्हणजे फाईलमध्ये, टिपणीच्या पानावर कुणी काय शेरा मारून सही केली ते दिसतं. टिपणी मागायला विसरू नका. लोक नेमकी तीच सोडतात.

तक्रारीचं पुढे काय झालं हे हवं असेल, तर तक्रारीचा आवक क्रमांक द्या आणि तिच्यावरच्या नस्तीची सगळी पानं मागा. एका अर्जात एकच विषय, साधारण १५० शब्दांत. माहिती कशाला हवी हे लिहू नका, विचारलं तरी सांगू नका; कलम ६(२) तुमच्या बाजूने आहे.

कागदाचं नावच ठाऊक नसेल, तर आधी अभिलेख पाहा. २०१८ च्या शासन परिपत्रकानुसार महापालिका आणि जिल्हास्तरीय कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतात. पाचपाखाडीला ठाणे महापालिकेत जाल तेव्हा वही-पेन न्या, नस्ती क्रमांक उतरवून घ्या आणि मग तोच अर्जात घाला.

अर्जाची शिक्क्यासह पोच घ्या. प्रतींच्या दर पानाला २ रुपये पडतात. ३० दिवसांची मुदत उलटली तर माहिती फुकट द्यावी लागते.

उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं, तर ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून. तिथेही अडलं तर ९० दिवसांत माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे दुसरं अपील. पहिलं अपील टाळून थेट आयोगाकडे कलम १८ ची तक्रार करण्याचा सल्ला बरेच जण देतात. ऐकू नका. त्या तक्रारीवर अधिकाऱ्याला दंड होऊ शकतो, कागद मात्र मिळत नाहीत; सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच हे स्पष्ट केलं आहे.