मेटल डिटेक्टरच्या कॉइलमधली सीलबंद बॅटरी घरीच बदलायची असेल तर

मागच्या दिवाळीनंतर चोपड्याकडच्या एका मावशींचं डोरलं कापूस वेचताना शेतात पडलं, मी मशीन घेऊन गेलो आणि सहा ओळी होत नाहीत तोवर कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची खालची तबकडी, बंद. आदल्या रात्री पूर्ण चार्ज केलेली होती. दुकानवाला म्हणे नवीन कॉइलच घ्या, आणि नवीन कॉइलची किंमत ऐकून माझं तर डोकंच गरम झालं, कारण आतला सेल दोन-चारशे रुपयांचा असतो भो. मी तो घरी बदलला. तुम्हालाही जमेल, फक्त घाई करू नका.

आधी हे समजून घ्या. साध्या मशीनमध्ये बॅटरी हँडलमध्ये असते, पण एक्सपी ड्यूससारख्या वायरलेस मशीनमध्ये कॉइलच्या आतच सर्किट आणि छोटा लिथियम सेल बसवलेला असतो आणि वरून सगळं चिकटवून पॅक केलेलं असतं. तीन-चार वर्षांनी सेल दमतोच. पण कॉइल लगेच उघडू नका, आधी चार्जिंगचे पॉइंट जुन्या टूथब्रशने आणि आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) घासा, दुसरी चार्जिंग क्लिप लावून बघा, कारण कितीदा तरी नुसती माती आणि घामाचं मीठ बसलेलं असतं. चार्ज पूर्ण दाखवतंय पण तासाभरात संपतंय, तेव्हाच सेल गेला समजा.

उघडायच्या आधी एक टेस्ट लिहून ठेवा. पाच रुपयाचं पिवळं नाणं कॉइलपासून किती इंचांवर आवाज देतं ते मोजा, सेटिंगही लिहा. एक-दोनचं नाणं घेऊ नका, ते स्टीलचं असतं, मशीनला लोखंडासारखं वाटतं. हे का करायचं ते पुढे कळेल.

आता नवीन सेल. कॉइल उघडल्यावर जुन्या सेलवर सहा आकडी नंबर दिसतो, समजा ६०३४५०, तर तो ६ मिमी जाड, ३४ मिमी रुंद, ५० मिमी लांब. तेवढाच घ्या, ३.७ व्होल्टचा, डोक्यावर प्रोटेक्शनची छोटी पट्टी असलेला. वायरी दोन आहेत की तीन ते बघा, तिसरी सहसा तापमानाची असते, तीन असतील तर तीनवालाच सेल पाहिजे. जळगावात गोलाणी मार्केटला मोबाइल रिपेअरवाल्यांकडे जुना सेल दाखवून विचारा. जागा आहे म्हणून मोठा सेल कोंबायचा मोह होतो, तो आवरा, आणि १८६५० तर अजिबात नको, त्याचं कवच स्टीलचं असतं. कॉइल मुळात धातू शोधायलाच बनवलेली आहे आणि सेल हाही तिच्या पोटातला धातूच आहे, कंपनीने तो तिथे धरूनच वाइंडिंग (तांब्याच्या तारेचे वेढे) बॅलन्स केलेलं असतं, त्यामुळे सेल मोठा झाला किंवा जागेवरून सरकला की तो बॅलन्स बिघडतो आणि मशीन रिकाम्या हवेतही बडबड करतं. तोच आकार, तीच जागा, तीच दिशा. या कामात सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या.

कापायचं कुठे? वाइंडिंग कडेने फिरतं, तिकडे पातं नेऊच नका. सर्किट आणि सेल बहुतेक मधल्या भागात, दांडी जोडतात त्या बाजूला असतो. चौकोनी सांधा दिसला तर तिथूनच, नाही दिसला तर तुमच्याच मॉडेलची उघडलेली कॉइल फोटोत बघितल्याशिवाय हात लावू नका. छोट्या ग्राइंडरने एकदम खोल न जाता झाकणाच्या कडेने फक्त खाच पाडा, बाकीचं कटरने हळूहळू, आणि सेलजवळ आल्यावर लोखंडी काही नको, प्लॅस्टिकची किंवा बांबूची काडी घ्या. सेलला भोक पडलं की आग लागते. हे काम बॅटरी उतरलेली असताना, मोकळ्या ओट्यावर, शेजारी रेतीची बादली ठेवून करा. हीट गन नको.

सेल मोकळा झाला की फोटो काढा. दोन्ही वायरी एकदम कापू नका, पकडीने शॉर्ट होतात. एक कापा, टेप लावा, मग दुसरी. नवीन सेलचं प्लस-मायनस मीटरने बघा, लाल-काळ्या रंगावर विसंबू नका. सोल्डर वायरला वायर, सेलच्या पत्तीला डायरेक्ट नाही, वरून श्रिंक ट्यूब.

लगेच पॅक करू नका! सेल टेपने जागेवर बसवून मशीन चालू करा, तीच नाण्याची टेस्ट घ्या. अंतर तेवढंच आलं तर छान, बडबड असेल तर सेल मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकवून बघा. माझा पहिल्यांदा तिरका बसला होता. नंतर चार्जिंगला लावून समोर बसून राहा, ४.२ व्होल्टला थांबतं का आणि सेल गरम होत नाही ना ते बघा.

पॅक करताना सेलभोवती पातळ फोम द्या, सेल पुढे थोडा फुगतो. झाकण साध्या, चोवीस तासवाल्या अरल्डाइटने, कडेला न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं, आणि स्टील पावडरवाली पुटी तर कॉइलवर चालणारच नाही. दोन दिवस वाळू द्या.

जुना सेल टोकांना टेप लावून ई-कचरावाल्याकडे द्या, घंटागाडीत टाकू नका.

आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे कॉइल गाडीच्या डिकीत ठेवू नका आणि उन्हातून आणल्या आणल्या चार्जिंगला लावू नका. पावसाळ्यात शेतं भरलेली असतात, मशीन पडून राहतं, तेव्हा बॅटरी अर्धी ठेवा, ३.८ व्होल्टच्या आसपास. आणि शेतात पहिल्यांदा नेल्यावर काळ्या मातीत ग्राउंड बॅलन्स (मशीन त्या मातीला जुळवून घ्यायची सेटिंग) नव्याने करा, आपली माती बेसॉल्टची आहे, तिच्यात लोह भरपूर, घराच्या ओट्यावर शांत असलेलं मशीन तिथे वेगळं वागतं.

मावशींचं डोरलं दुसऱ्या खेपेला बांधापासून चौथ्या ओळीत सापडलं.